आधी आपल्या हाताला

१३ एप्रिल २०२५, रविवार

रामेश्वर,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून पोस्टाने लिहिते. घरच्या पत्त्यावर न पाठवता मुद्दाम तुझ्या रोलिंग मिलच्या गेटवर पाठवते आहे. घरी आलं असतं तर तू न वाचताच फाडलं असतंस. गेटवर वॉचमन चारचौघांत हातात देईल तेव्हा निदान खिशात तरी घालावं लागेल. लहानपणी तू रुसून ज्वारीच्या पोत्यांमागे जाऊन बसायचास आणि जेवायच्या वेळेला आपणच बाहेर यायचास. या वेळी चार महिने झाले, अजून आला नाहीस.

मी माफी मागायला लिहीत नाही, कामाचं सांगायचं आहे. डिसेंबरात अंगणात तू माझं अर्धंच ऐकलंस आणि गाडीला किक मारलीस. उरलेलं अर्धं आता ऐक.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी माझं रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटीस बी निघाली. ही पण कावीळच, पण जी उतरवायला आपल्या घरी झाडपाल्याची माळ घालायचे ती नव्हे. हिच्यात बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. वीस-तीस वर्षं ती रक्तात गुपचूप बसते आणि आतून लिव्हर खराब करते. काहींचं लिव्हर कडक होतं, काहींच्या लिव्हरला गाठ येते. दोन वर्षांपूर्वी आपले दादा ज्या गाठीने गेले तिच्या मुळाशी हेच होतं. त्यांच्या फायलीत ते लिहिलेलं होतं. आपण दोघं ती फाईल घेऊन वॉर्डावॉर्डातून फिरलो, पण त्या ओळीचा अर्थ आपण कुणाला विचारला नाही आणि कुणी आपणहून सांगितला नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, घरात एकच सुई बऱ्याच जणांना वापरतात का? मी आमच्या वडिलांच्या, दादांच्या टोचणीचं सांगितलं. माळ उतरली की मनगटाच्या वर तीन टोचे आणि त्यावर पाल्याचा रस, म्हणजे कावीळ पुन्हा शिवत नाही. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्या पोरांना तीच सुई. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला हे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

म्हणून त्या रविवारी माळ घ्यायला ओट्यावर बसलेल्या माणसांना मी सांगितलं, की माळ बंद, टोचणी बंद, आणि ज्याला ज्याला आमच्या घरी टोचलंय त्याने रक्त तपासून घ्यावं. तू नेमका त्या दिवशी गावी आलेला. तू म्हणालास ते शब्द मी विसरलेले नाही. “मेलेल्या बापाला तू गावापुढं उभं करून राह्यली. आजपासून मला बहीण न्हाई.”

बरं. बहीण नको असेल तर नको. पण तुझी तपासणी करून घे, बायकोची, बेबीनंदाची करून घे आणि सगळ्यात आधी रेणूची. तुझ्या लेकीला सहावा महिना लागलाय. आईच्या रक्तात ही असली तर बाळंत होताना बाळाला लागते, आणि इतक्या लहानपणी लागली की बहुधा जन्मभर राहते. पण आधी कळलं तर आईला गोळी देतात, बाळाला जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं देतात आणि शंभरातली बहुतेक बाळं वाचतात. जन्मल्याबरोबर म्हणजे त्याच दिवशी, पहिल्या काही तासांत.

माझी काळजी करू नकोस, करत असलास तर. मला रोज एक गोळी आहे, बाकी काही नाही.

आशा अक्का


२७ एप्रिल २०२५

रामेश्वर,

पत्र पोचलं. तू नाही कळवलंस, बेबीनंदाने शेजारणीच्या फोनवरून कळवलं. म्हणाली, पत्र वाचून तू त्या दिवशी जेवला नाहीस. न जेवण्याने रक्त तपासलं जात नाही, हे तिला तुझ्यापर्यंत पोचवायला सांगितलं होतं. तिने पोचवलं नसणार.

अक्षय्यतृतीयेला रेणूला पहिल्या बाळंतपणासाठी आणताय, हेही तिनेच सांगितलं, आणि तुझं खरं भ्य काय आहे तेही. रेणूच्या सासरी हे कळलं तर ते तिला परत नांदवणार नाहीत. हे भ्य खोटं नाही. आपल्याकडे बाईच्या आजाराची बातमी बाईच्या आधी सासरी पोचते. पण बाळ त्या घरचंच आहे, आणि जे लपवून तू रेणूचा संसार सांभाळायला निघालास ते त्या बाळाच्या अंगावर निघेल. तपासणीचा कागद रेणूचा आहे. तो कुणाला दाखवायचा ते ती ठरवेल, तू नाही आणि मी पण नाही.

दुसरं, तू बेबीनंदाजवळ म्हणालास की दादांनी एवढ्या लोकांची कावीळ उतरवली ते सगळं खोटं होतं का. याचं उत्तर मी चार महिने शोधते आहे. आता सांगते.

आपल्याकडे पावसाळ्यात जी कावीळ येते ती बहुतेक वेळा घाण पाण्यातून येते. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नाची शिसारी. ती चार-सहा आठवड्यांत आपली आपण उतरते. लिव्हर एवढं चिवट आहे की विश्रांती आणि साधं जेवण मिळालं तर स्वतःच दुरुस्त होतं. आपली माळ घेटुळीच्या ओल्या कांड्यांची. कांड्या वाळल्या की आकसतात, गाठी ढिल्या पडतात आणि दोरा लांबत जातो. डोक्यावर ठेवलेली माळ महिन्याभरात गुडघ्यापर्यंत येते. लोक म्हणायचे, रोग माळेत उतरला. माळेने काही वाईट केलं नाही, चांगलंही केलं नाही. ती नुसती लांबायची आणि तोवर माणूस बरा व्हायचा. दादा खोटं बोलत नव्हते, जे डोळ्यांना दिसायचं तेच सांगत होते. हळद सोडून, उपास धरून, कुणाकडून नारळाशिवाय काही न घेता चाळीस वर्षं माळा वळल्या त्यांनी.

पण सगळ्याच काविळी उतरत नाहीत. वडीगोद्रीच्या हायवेवरचे गादीवाले लालमियाँ आठवतात का? तीन वर्षांपूर्वी ते पिवळेजर्द होऊन आले होते. अंगभर खाज, संडास पांढुरकी, पोटातून पाठीत जाणारी कळ. दादांनी एक माळ घातली, मग दुसरी घातली. माणूस वाळत चालला. शेवटी त्यांचा मुलगा कलीम त्यांना उचलून संभाजीनगरला घेऊन गेला. पित्ताच्या पिशवीतला खडा निसटून नळीत अडकला होता. त्या नळीच्या तोंडाशीच स्वादुपिंडाचीही नळी येते, म्हणून ते सुद्धा सुजलेलं. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला आणि पिवळेपणा उतरला. आणखी आठ दिवस माळेची वाट पाहिली असती तर गेले असते.

त्या आठवड्यात त्यांच्या मोहल्ल्यात लोक बोलायला लागले होते की मियाँ चोरून पीत असणार, नाहीतर स्वादुपिंड कशाला सुजेल. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. आणि दादांच्या दहाव्याला आपल्या भावकीने काय कुजबूज केली ती तूही ऐकलीस, तुळशीची माळ घातलेल्या माणसाचं लिव्हर उगाच जातं का म्हणून. तू एकाची कॉलर धरली होतीस. दादा पीत नव्हते हे सांगायला माझ्याकडे आज डॉक्टरचा कागद आहे. त्यांच्या लिव्हरची गाठ दारूची नव्हती, या आजाराची होती. आणि तो कागद लपवून ठेव असं तू मला सांगतोस.

विचार कर. पण लवकर कर.

अक्का


१४ मे २०२५

रामेश्वर,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, माझ्याकडे सांगायला पुष्कळ आहे.

मी घनसावंगीच्या सरकारी दवाखान्यात चार चकरा मारल्या. पहिल्यांदा म्हणाले, किट नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, गावात येता येणार नाही, लोकांना इकडे पाठवा. तिसऱ्यांदा डॉक्टर बैठकीला गेलेले. चौथ्यांदा मी भाकरी बांधून गेले आणि त्यांच्या दारासमोरच्या बाकावर बसले. दुपारी त्यांनी आत बोलावून तारीख दिली. तपासणी फुकट आहे, औषधही फुकट आहे. फक्त बाकावर बसणारं कुणीतरी लागतं.

गेल्या गुरुवारी शाळेत टेबलं लागली. दहा वाजून गेले तरी कुणी पुढे येईना. माणसं लिंबाखाली उभी राहून माझ्याकडे पाहत होती. जानेवारीपासून आपल्या घरचं पाणी कुणी पीत नाही, हे तुला मी कळवलं नव्हतं. डॉक्टर सांगून दमले की एकत्र जेवल्याने, एका भांड्यातून पाणी प्यायल्याने ही लागत नाही, रक्तातून लागते. पण लोक ते ऐकायला तयार नाहीत.

तेवढ्यात लालमियाँ कलीमच्या गाडीवरून उतरले. त्यांना लहानपणी दादांनी टोचलेलं होतं. शर्टाची बाही वर करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पैले मेरा लेव. मैं दिखातूं इनको, बाटलीभर खून से कोई मरता नै.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्हारे बाप ने माळ डाली तब भी मेरे वास्ते दुआ की थी. मैं वो भूला नै.” त्यांच्यानंतर रांग लागली.

चौसष्ट जण तपासले, त्यात नऊ जणांना निघाली. लालमियाँना नाही. या नऊ जणांपैकी कुणाला कशातून लागली हे छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादांना मुळात कुठून लागली हेही कळणार नाही. पण नऊपैकी आठ जण आपल्या ओट्यावर बसून गेलेले आहेत. मी त्यांची तोंडं ओळखते.

गोजरबाईचा मधला मुलगा त्या नऊ जणांत आहे. ती तशीच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या नाहीत, रडली पण नाही. तिने एवढंच विचारलं, “आशाबाई, तुला म्हाईत होतं का?”

मी नाही म्हणाले.

ती मुलाला घेऊन गेली.

रेणूला आता सातवा लागला. बेबीनंदाने फोनवर तिचं कार्ड वाचून दाखवलं. रक्त, साखर, लघवी, सगळं भरलेलं आहे. या तपासणीचा रकाना तेवढा कोरा आहे, किट संपली होती म्हणे. म्हणजे रेणूला कुणी अजून विचारलेलंच नाही.

अक्का


२२ मे २०२५

रामेश्वर,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. या वेळी पुरं करून टाकते.

गोजरबाईला मी खोटं सांगितलं.

तुला आठवत असेल, दादांचा हात थरथरायला लागला तेव्हापासून टोचणी माझ्याकडे आली. ते माळ वळायचे, टोचायचं काम माझं. विधवा होऊन माहेरी परत आलेल्या बाईला गावात कुणी काही समजत नाही. टोचणी हातात आली तशी माणसं मला ओट्यावरून “माय” म्हणायला लागली. हे मला किती आवडत होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

वीस वर्षांपूर्वी पोलिओच्या डोसाच्या दिवशी एक नर्सबाई आपल्या ओट्यावर सावलीला बसल्या होत्या. मी एका माणसाला टोचलं, सुई पदराला पुसली आणि दुसऱ्याला टोचलं. त्यांनी मला बाजूला बोलावून हळूच सांगितलं, की असं करू नकोस, एकाचं रक्त दुसऱ्यात जातं, त्यातून वाईट कावीळ लागते. दर माणसाला नवी सुई घे, नाहीतर टोचू नकोस. मला ते पटलं. पण नव्या सुया कुठून आणायच्या म्हणून मी दोन रविवार सुई उकळत्या पाण्यात टाकून वापरली. तिसऱ्या रविवारी दादांनी चुलीवर पातेलं पाहिलं. म्हणाले, सुई उकळली की तिचा गुण जातो. मी उकळणं बंद केलं. दादांशी मी वाद घातला नाही, एका शब्दाने पण नाही. नर्सबाईंचं बोलणं मला समजलं नव्हतं असं नाही. टोचणी माझ्या हातातून जाईल याची भीती मला त्याहून मोठी वाटली.

म्हणजे मला म्हाईत होतं.

त्याच्या पुढच्या वर्षीची करी. रेणू तीन वर्षांची होती. तू जालन्याहून तिला घेऊन आला होतास. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. पोरं घाबरू नयेत म्हणून टोचणाऱ्याने आधी आपल्या हाताला टोचून दाखवायचं. दादा आयुष्यभर तसंच करत आले. आधी स्वतःला, मग मला, मग तुला. मायेने करायचे. बापाला लागत नाही हे पाहून आपण हात पुढे करायचो.

मीही तेच केलं. रेणू बेबीनंदाच्या कमरेला बिलगून बसली होती. मी सुई माझ्या हातात खुपसली, रक्ताचा थेंब तिला दाखवला आणि म्हणाले, बघ, आत्याला लागलं का? तिने हात पुढे केला. मी त्याच सुईने तिला तीन टोचे दिले. बेबीनंदा म्हणाली होती की लेकरू लहान आहे, राहू द्या. मी हसले होते.

दादांच्या हातून आपल्याला लागली असेल तर दादांना माहीत नव्हतं. रेणूला लागली असेल तर ती माझ्या हातून, आणि मला माहीत होतं. तू अंगणात म्हणालास की मी मेलेल्या बापाला गावापुढे उभं केलं. खरं सांगू का, मी बापाच्या मागे लपून उभी होते. सगळ्यांना दादांची टोचणी, दादांची टोचणी असं सांगत होते. तू त्यासाठी मला बहीण नाही म्हणाला असतास तर मी मान खाली घातली असती.

परवा मी गोजरबाईच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. तिने दार लावून घेतलं. मी तिच्याकडून आणखी काही मागणार नाही. फक्त मुलाच्या तपासणीची तारीख जवळ आली की दारातून ओरडून सांगणार.

आता तुझं. मंगळवारी सकाळी घनसावंगीहून पहिल्या बसने मी जालन्याला तुझ्या घरी येते आहे. तू दार उघडलं नाहीस तर बाहेर बसेन. ओरडणार नाही, गल्लीला काही कळू देणार नाही. पण रेणूशी बोलल्याशिवाय परत जाणार नाही. तिच्या अंगावर जे मी केलं ते तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. तुला अडवायचं असेल तर घरी थांब. मी दिवस आणि वेळ सांगून ठेवली आहे.

आशा


२८ मे २०२५

रामेश्वर,

तू घरी थांबला नाहीस. सकाळची पाळी बदलून मागून घेतलीस, असं बेबीनंदा म्हणाली. तू पळालास असं ती म्हणते. मला वाटतं तू मला वाट मोकळी करून दिलीस, आणि हे तुला तोंडाने कबूल करता येणार नाही. काय असेल ते असो, मी तेच धरून चालते.

झालं ते तुला माझ्याकडून कळलं पाहिजे. रेणूनेच सांगितलं, आत्या, पप्पांना तूच लिही, मी बोलायला गेले तर ते उठून जातात.

मी तिला सगळं सांगितलं. नर्सबाईंसकट. ती पलंगावर पाय सोडून बसली होती, पायांवर सूज होती थोडी. ऐकताना एकदा आपल्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, “बाळाला वाचवता येतं ना? मंग आत्ता चल. रडायचं ते नंतर रडू.” पोरगी तुझी आहे, पण निर्णय तिने बापासारखा चार महिने लावून घेतला नाही. मी, ती आणि बेबीनंदा रिक्षाने जिल्हा रुग्णालयात गेलो. तिथे बेबीनंदानेही हात पुढे केला. तिला नाही निघाली.

रेणूला निघाली.

डॉक्टरांनी पुढची तपासणी केली. विषाणू रक्तात भरपूर आहेत, पण लिव्हर अजून चांगलं आहे. बाळाला धोका कमी व्हावा म्हणून आजपासून रोज एक गोळी. बाळंतपण दवाखान्यातच, घरी नाही, आणि बाळाच्या दोन्ही इंजेक्शनांची सोय आधी करून ठेवायची. लस तर नेहमी असते, दुसऱ्या इंजेक्शनाचा साठा कधी असतो कधी नसतो. ते फ्रिजातच ठेवावं लागतं. त्याचं नाव आणि ते कुठून आणायचं ते बेबीनंदाच्या वहीत लिहून दिलं आहे. ते काम मी तुझ्यावर सोडते. मी करू शकते, पण ते तूच करावंस असं मला वाटतं.

रेणूने दवाखान्याच्या पायरीवरूनच राधेश्यामला फोन लावला. आम्ही म्हणालो, घरी जाऊन शांतपणे सांग. तिने ऐकलं नाही. तिच्या नवऱ्याने सगळं ऐकून फोन ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत फोन नाही. तुझं भ्य खरं ठरलं असं माझ्या मनात आलं. संध्याकाळी त्याने मला फोन केला, रेणूला नाही. विचारलं, “आत्या, मला कुठं तपासतात? आन ते लस म्हणतात ती मोठ्या माणसाला बी देतात का?” देतात म्हणून सांगितलं. त्याची आई मात्र बिथरली आहे. रेणूचं ताट वेगळं ठेवीन म्हणाली. राधेश्यामने तिला डॉक्टरांपुढे आणून बसवायचं कबूल केलंय. बघू. सगळंच एका दिवसात सरळ होणार नाही.

एक गोष्ट पहिल्या पत्रात मी लपवली होती. मला रोज एक गोळी आहे, बाकी काही नाही, असं लिहिलं होतं. माझं लिव्हर कडक व्हायला लागलं आहे. गोळीने तिथेच थांबू शकतं असं डॉक्टर म्हणतात. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, गाठ होते का पाहायला. हे तुला कीव यावी म्हणून सांगत नाही. मी आणि तू एकाच सुईचे आहोत. मी पन्नाशीची, तू शेहेचाळीसचा. माझ्या आत काय चाललं होतं हे मलाही कळलं नव्हतं.

अक्का


२९ जुलै २०२५

रामेश्वर,

आपण परवा दवाखान्याच्या एकाच बाकावर तीन तास बसलो आणि तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. म्हणून पुन्हा कागदच.

शनिवारी दुपारी सव्वादोनला रेणूला मुलगा झाला. पावणेतीनला नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, लस दिली, दुसरं इंजेक्शन आमच्याकडे संपलंय, तुमच्याकडचं कुठे आहे? बेबीनंदाने तुला फोन केला. मला माहीतही नव्हतं की तू ते आठ दिवस आधीच संभाजीनगरहून आणून मिलमधल्या दवाखान्याच्या फ्रिजात ठेवलंय. तू एमआयडीसीतून मिलच्या कपड्यांतच आलास. तोंडावर काजळी, बर्फ भरलेला थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तू नर्सबाईंना फक्त एवढंच विचारलंस, “उशीर तर न्हाई झाला?”

त्या म्हणाल्या, नाही, वेळेच्या पुष्कळ आत आहे. तेव्हा तू भिंतीला टेकलास आणि तोंड फिरवलंस. मी पाहिलं नाही असं समज.

चारच्या आत दोन्ही झाली. पुढच्या लसी महिन्या-दीड महिन्याने, मग आणखी. नऊ महिन्यांच्या पुढे रक्त तपासतील तेव्हा नक्की कळेल. तोवर कुणी काही झालंच असं म्हणू नये. रेणूने अंगावर पाजलं तरी चालतं, डॉक्टरांनी तिच्या सासूला समोर बसवून सांगितलं. सासूबाईंनी चारदा विचारलं, डॉक्टरांनी चारदा सांगितलं. काल त्यांनी आपल्या हाताने रेणूला शिरा भरवला. ताटाचं कुणी काढलं नाही, आम्ही पण काढलं नाही.

गोजरबाई माझ्याशी अजून बोलत नाही. तिचा मुलगा तारखेला जाऊन येतो, तेवढं मला पुरे. गावातले आणखी एकवीस जण मागच्या महिन्यात तपासून आले. अजून बरेच उरलेत, मी दारोदार जाते आहे. काही जण तोंडावर दार लावतात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाते.

आता तुझं बघू. नर्सबाईंनी बाळाचा कागद भरताना विचारलं, आईच्या घरचे सगळे तपासले का? तू म्हणालास, मला काय झालंय, मी रोज बारा तास लोखंड उचलतो. दादाही पंचवीस मेंढरांमागे दिवसभर चालायचे, गाठ कळेपर्यंत चालले. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडून पुढच्या सोमवारचा, चार तारखेचा, तुझ्या नावाचा नंबर घेऊन ठेवला आहे.

मला माफ करायचं की नाही ते तुझ्या मनावर. बहीण म्हणायचं की नाही ते पण. त्यासाठी मी वाट पाहू शकते, चार महिने काय, चार वर्षं. या कामाची वाट मी पाहणार नाही. सोमवारी सकाळी साडेआठला मी तुझ्या दारात असेन.

तुझ्या नातवाने पहिल्या दोन तासांत दोन सुया घेतल्या, रामेश्वर, आणि दुसऱ्या सुईला तो रडला पण नाही. तू शेहेचाळीस वर्षांचा आहेस. चप्पल घालून तयार राहा.

अक्का